कळवावे की कळवू नये

लाँड्रीच्या मालकांना सगळे मालकच म्हणत. दुकान मुलाच्या नावावर करून ते कधीच मोकळे झाले होते, तरी गिऱ्हाइकांच्या तोंडचा शब्द काही बदलला नाही. घरात बायको थट्टेनं तसं म्हणायला लागली आणि पुढे तीच सवय पडली.

धंद्यात त्यांनी एक शिस्त पाळली होती. डाग कशाचा आहे ते गिऱ्हाइकाला विचारायचं नाही. बघून कळलं तर ठीक, नाही कळलं तर कापडाच्या आतल्या कोपऱ्यावर आधी थोडं औषध लावून बघायचं. लोक कोट, पडदे, गाद्यांच्या खोळी त्यांच्या हवाली करून निर्धास्त जात, ते यामुळेच. न विचारणारा माणूस सहसा सांगतही नाही. मालक तसेच होते. लघवीला त्रास व्हायला लागला तेव्हा त्यांनी तो वर्षभर कुणाच्या कानावर घातला नाही. शेवटी बायकोनंच त्यांना डॉक्टरांकडे नेलं. तिथून तपासण्या झाल्या, सुईनं तुकडे काढून झाले आणि प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. वेळेत सापडलाय, ग्रंथी काढून टाकू, असं सर्जन म्हणाले. मालकांनी मान डोलावली आणि तारीख विचारली.

त्याच दिवशी त्यांना दुसऱ्या मजल्यावरच्या शेवटच्या खोलीत पाठवण्यात आलं. खोली मुळात सामान ठेवायची असावी. दोन खुर्च्या, एक टेबल आणि सारखा गुरगुरणारा एक फ्रीज. टेबलामागे संशोधनाचं काम बघणारी बाई बसली होती. तिशीतली असेल. चष्मा डोक्यावर चढवलेला, सर्दीनं आवाज बसलेला.

"ऑपरेशन तर होणारच आहे," ती म्हणाली. "काढलेली ग्रंथी तपासायला जाईल. त्यातला एक छोटा तुकडा आणि तुमचं थोडं रक्त आम्हाला संशोधनासाठी द्याल का, एवढंच विचारायचंय. नाही म्हणालात तरी तुमच्या उपचारात काडीचा फरक पडणार नाही."

"आणि हो म्हटलं तर?"

"तरी नाही पडणार. यातून तुम्हाला काही मिळणार नाही, हे आधीच सांगते. झाला तर फायदा पुढच्यांना."

मालकांना हे बोलणं आवडलं. दुकानात विक्रेते येत, साबणाची नवी पावडर सगळे डाग घालवते म्हणून सांगत, त्यापेक्षा हे बरं होतं. "काढलेली वस्तू घरी नेऊन मी तरी काय करणार?" ते म्हणाले. "तुकड्यावर माझं नाव लिहिणार का?"

"नाव नाही. नंबर."

"आमच्याकडेही तसंच असतं."

बाई हसली आणि तिनं प्रश्न सुरू केले. वडील, भाऊ, काका, कुणाला कॅन्सर होता का? वडील म्हातारे होऊन गेले, भाऊ नव्हताच. मग तिनं विचारलं, "घरातल्या बायकांपैकी कुणाला? आई, बहीण, आत्या? स्तनाचा किंवा अंडाशयाचा?"

"माझा आजार पुरुषांचा आहे ना?"

"हो. तरी विचारावं लागतं."

"नाही," मालक म्हणाले. ते इतकं झटकन म्हणाले की बाईनं मान वर करून पाहिलं. शेवटचा प्रश्न राहिला होता. रक्तात वारशानं येणारं काही आढळलं, तर कळवावे की कळवू नये?

"कळवू नये. दिलं ते दिलं."

बाईनं तशी खूण केली आणि पेन त्यांच्या हातात दिलं. त्यांनी सही केली.

परतीच्या बसमध्ये बायकोनं खिडकीची जागा पकडली आणि गाडी सुटल्यावर विचारलं, "एवढा वेळ काय करत होतात आत?"

"नमुना घेणार आहेत."

"आणखी कसला नमुना हवाय त्यांना? आख्खे समोर बसला होतात की."

मालकांच्या ओठाचा कोपरा जरासा हलला. त्यांनी काय काय विचारलं ते थोडक्यात सांगितलं. बायको ऐकत होती. मग तिनं आवाज खाली आणून विचारलं, "वन्संचं सांगितलंत?"

"विचारलं होतं. मी नाही म्हटलं."

"का?"

"आपण तसं म्हणत नाही ना."

"लोकांना म्हणत नाही. ते डॉक्टर आहेत."

"माझ्या दुखण्याशी ताईचा काय संबंध?"

"ते मला काय माहीत? पण काहीतरी असल्याशिवाय विचारतील का? अर्धी गोष्ट सांगून रक्त दिलंत तर ते त्यात शोधणार तरी काय?"

मालक पुढच्या सीटच्या दांडीकडे बघत बसले.

लाँड्री मुळात त्यांच्या थोरल्या बहिणीची. नवऱ्याशी पटलं नाही म्हणून ती माहेरी परत आली आणि घरच्या टेबलावर लोकांचे कपडे इस्त्री करायला लागली. पुढे तिनं भाड्यानं गाळा घेतला आणि धाकट्या भावाला हाताशी धरलं. कॉलर आधी, मग बाह्या, अंग शेवटी, हे तिनंच त्यांना शिकवलं. छातीतली गाठ तिनं लपवली. ती लपेनाशी झाली तेव्हा फार उशीर झाला होता. मालकांचं लग्न नुकतंच ठरलं होतं, त्यामुळे वडिलांनी चारचौघांत 'छातीत पाणी झालंय' असं सांगायला सुरुवात केली. नवी नवरी म्हणून घरात आलेल्या मालकांच्या बायकोनं पहिले काही महिने वन्संना आंघोळ घालण्यात घालवले. तिच्यापासून लपवायला काही उरलंच नव्हतं. बहीण गेली. बाहेर सांगायचं वाक्य मात्र घरात राहिलं. पुढे मुलं झाली, त्यांनाही तेच सांगितलं गेलं. खोटं बोलतोय असं कुणाला वाटतही नव्हतं. घराचा रंग असावा तसं ते वाक्य होतं.

ऑपरेशनपर्यंतचे दिवस मालकांनी दुकानातच काढले. काम मुलगा आणि सून करत, हे स्टुलावर बसून बटणं तपासत. त्या दिवसांत त्यांना मरणाची भीती वाटली नाही असं नाही, पण जास्त टोचलं ते दुसरंच. आपल्या नंबराखाली एक चुकीची नोंद पडून आहे, आणि त्या नोंदीवर विसंबून कुणीतरी काम करणार आहे, हे त्यांना सहन होईना.

भरती झाल्यावर संशोधनाची बाई रक्त घ्यायला खाटेपाशी आली. तिनं दंडाला पट्टा आवळला, शीर शोधली. मालक म्हणाले, "आधी एक बदल लिहून घ्या."

"बोला."

"मला एक बहीण होती. सख्खी, थोरली. ती स्तनाच्या कॅन्सरनं गेली."

हे वाक्य त्यांनी जन्मात पहिल्यांदा उच्चारलं होतं. आवाज दुकानात पावतीवरचे कपडे वाचून दाखवताना असतो तसा होता. बाईनं पट्टा सैल केला.

"वय काय होतं तेव्हा?"

"चाळिशी गाठली नाही."

"वडिलांकडच्या इतर बायका?"

"एक आत्या होती. तीही तरुणपणीच गेली. कशानं ते माहीत नाही. आमच्याकडे बायका पोटात दुखून जायच्या, नाहीतर छातीत."

बाईनं सगळं लिहून घेतलं. मग खुर्ची ओढून बसली. "काही घराण्यांत एक दोष पिढ्यान्‌पिढ्या उतरतो," ती म्हणाली. "बायकांमध्ये तो स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर होऊन दिसतो, पुरुषांमध्ये कधी कधी प्रोस्टेटचा. तुमच्या घरी तसंच आहे असं मी म्हणत नाही. पण असला, तर तो आईकडून येतो तसा बापाकडूनही येतो."

"म्हणजे माझ्याकडून पुढे."

"मुलं आहेत?"

"एक मुलगा, एक मुलगी. मुलगी छत्तीसची."

बाईनं तेही लिहून घेतलं. मग मालकांनी विचारलं, "ती खालची खूण बदलता येते?"

"केव्हाही."

"कळवावे म्हटलं, तर कळवता कुणाला?"

"तुम्हाला."

"मुलीला?"

"नाही. तिला सांगायचं की नाही, सांगायचं तर कसं, ते तुम्ही ठरवायचं. आम्ही तुमच्या घरात शिरत नाही."

"हे जरा अवघड काम माझ्या गळ्यात घालताय."

"हो," बाई म्हणाली.

मालकांनी पेन मागितलं, जुनी खूण खोडून नवी केली आणि बाजूला सही केली. मग बाईनं पुन्हा पट्टा आवळला. जांभळ्या बुचाच्या नळ्या भरल्या. एकेक नळी तिनं न हिंदकळवता, सावकाश उलटीसुलटी केली. पुढचा भाग मालकांना कळला नाही, कारण ते भूल देऊन झोपवलेले होते. ग्रंथी निघाली, तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत गेली. तिथल्या डॉक्टरांनी तपासणीसाठी लागेल ते ठेवून घेतलं, नखाएवढा तुकडा वेगळा कापला आणि तो नंबर लावलेल्या डबीत घालून अतिथंड फ्रीजरमध्ये ठेवून दिला.

घरी आले ते लघवीची नळी आणि पिशवी घेऊन. बायको पिशवीला 'तुमची पर्स' म्हणायची आणि उठताना आठवण करायची, "पर्स घेतलीत का?" नळी निघाल्यावर वेगळंच सुरू झालं. थेंब थांबेनात. आयुष्यभर जगाच्या चादरी धुतल्या, पण स्वतःची चादर सुनेच्या नजरेला पडू नये म्हणून मालक पहाटे उठून ती न्हाणीघरात हातानं धुवायला लागले. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सून चहा ठेवता ठेवता म्हणाली, "बाबा, चादरी दुकानातल्या मोठ्या मशीनला टाकत जा. हातानं पिळून टाके दुखतील. आणि गादीवर मेणकापड घातलंय मी." एवढं बोलून ती दुकान उघडायला गेली. मालक चहा प्यायले. काही महिन्यांत थेंब आटोक्यात आले आणि विषय निघायचा बंद झाला.

फोन आला तेव्हा त्यांना आधी कोण बोलतंय तेच कळेना, कारण बाईची सर्दी गेली होती. येऊन जा, असं ती म्हणाली.

या वेळी वारशानं येणाऱ्या आजारांच्या डॉक्टरीणबाईही होत्या. संशोधनात काहीतरी दिसलंय, पण संशोधनातल्या निकालावर आम्ही विसंबत नाही, नेहमीच्या प्रयोगशाळेत नव्यानं तपासू, असं त्यांनी सांगितलं. पुन्हा रक्त घेतलं. पुन्हा तेच निघालं. दोष होता. मुलांमध्ये तो असेल किंवा नसेल, दोघांचं नाणं वेगवेगळं उडवायचं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मालकांनी विचारलं, "बहिणीला हाच होता का?" त्या म्हणाल्या, बहुधा. तिचं रक्त नाही, त्यामुळे खात्रीनं सांगता येत नाही.

मुलाला त्यांनी दुकानात, वाफेच्या इस्त्रीपाशी सांगितलं. त्यानं हातातला शर्ट संपवला.

"बरं. देतो मी रक्त," तो म्हणाला. "तिला कोण सांगणार?"

"मी."

"फोनवर?"

"फोनवर मला बोलता येत नाही."

"समोर तरी कुठे येतं?" काउंटरवर पावत्या लावत बसलेली मालकांची बायको म्हणाली.

लेक दुसऱ्या शहरात पोहायला शिकवायची. मालक पहिल्या गाडीनं निघाले आणि तलावावर पोचले तेव्हा तिची लहान मुलांची तुकडी चालू होती. छत उंच, भिंतींना फरश्या, त्यामुळे प्रत्येक आवाज दोनदा ऐकू येत होता. लेक काठावर उभी होती, गळ्यात शिटी. वडील असे न सांगता आलेले पाहून ती घाबरली.

"आई बरी आहे ना?"

"बरी आहे. तुझं होऊ दे."

"मुलं पाय मारतायत, तोवर बोला."

मालक बाकावर टेकले. "तुझी आत्या कशानं गेली, माहीत आहे तुला?"

"छातीत पाणी झालं होतं ना? का?"

"तसं नव्हतं." त्यांनी पुढचं सांगितलं, पण वीसेक मुलं पाण्यात पाय आपटत होती.

"काय? ऐकू नाही आलं."

त्यांनी पुन्हा सांगितलं. तिनं कानामागे हात धरला. तेव्हा आयुष्यभर दबक्या आवाजातही न म्हटलेलं वाक्य मालकांना अख्ख्या तलावाला ऐकू जाईल एवढ्यानं म्हणावं लागलं. पलीकडच्या बाकावरच्या एका आईनं वळून पाहिलं. लेकीनं शिटी वाजवली, दुसऱ्या शिक्षिकेला हात केला आणि वडिलांना पोहताना धरायच्या फळ्या-फुगे ठेवायच्या खोलीत नेलं.

तिथे त्यांनी क्रमानं सगळं सांगितलं. नमुना, खूण, दुसऱ्यांदा घेतलेलं रक्त, नाणं. लेक ओल्या फळ्यांच्या चळतीला टेकून उभी होती.

"आईला माहीत होतं?"

"तिनंच केलं ताईचं सगळं."

"दादाला?"

"परवा सांगितलं."

"बाबा, या नोकरीसाठी मी दर वर्षी तपासणीचा कागद भरते. कुटुंबात कुणाला गंभीर आजार होता का? दर वर्षी नाही लिहिते. मी खोटं लिहीत होते."

"तू नाही. मी."

तिनं शिटीची दोरी बोटाला गुंडाळली आणि सोडली. "मी तपासून घेईनच असं नाही."

"बरं."

"सारखं विचारू नका."

"नाही विचारणार."

"आणि आईलाही विचारू देऊ नका."

"ते कठीण आहे," मालक म्हणाले. "पण बघतो."

ती हसली नाही. त्यांना गाडीवर सोडायलाही आली नाही, कारण पुढची तुकडी यायची होती. परतीच्या प्रवासात मालकांना भूक लागली आणि भूक लागल्याचं त्यांना आश्चर्य वाटलं.

मुलाचा निकाल आधी आला. त्याच्यात दोष नव्हता. तो दिवस त्यानं खुशीत काढला आणि संध्याकाळी त्याला स्वतःचीच लाज वाटली. बहिणीला फोन करायला त्याला आठवडा लागला. लेकीकडून काही कळलं नाही. ती फोन करायची, हवापाण्याचं बोलायची, ठेवायची. बायको तळमळायची.

"एकदा विचारते नुसतं."

"नाही."

"आई आहे मी तिची."

"म्हणूनच नाही."

"न विचारण्यात कसलं सुख मिळतं हो तुम्हाला?"

"सुख नाही. शब्द दिलाय."

बायकोनं डोळे वटारले, पण फोन खाली ठेवला. मालक स्वतःही झोपेत कूस बदलत होते, हे तिला दिसत होतं.

तलाव दुरुस्तीला बंद झाला तेव्हा लेकीला सुट्टी मिळाली. त्या सुट्टीत तिनं रक्त देऊन टाकलं आणि निकाल हातात आल्यावरच घरी सांगितलं. तिच्यात दोष होता. फोन मालकांनी घेतला होता. "कळलं," एवढंच ते म्हणाले. मग, "मी येऊ का?" ती म्हणाली, "नको, मीच येते."

पुढचं डॉक्टरांनी समजावलं. दर वर्षी छातीचं स्कॅन करत राहायचं, किंवा आजार यायच्या आधीच शस्त्रक्रिया करून घ्यायची. अंडाशयांचं काही वर्षांनी ठरवावं लागेल. लेकीनं तूर्त स्कॅन निवडलं. ते ती आई-वडिलांच्या शहरातल्या त्याच इस्पितळात करून घेते, त्या निमित्तानं दोन दिवस राहते. पहिलं स्कॅन स्वच्छ आलं. दुसऱ्या वेळी एक ठिपका दिसला, सुईनं तपासला, साधा निघाला. तो निकाल येईपर्यंत घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. मालकांचं रक्त अजून अधूनमधून तपासतात. संशोधनाची बाईही कधीमधी नळीभर मागून घेते आणि ते देतात. त्यांच्या तुकड्याचं काय झालं, असं एकदा त्यांनी विचारलं होतं. थोडा वापरला, थोडा शिल्लक आहे, असं ती म्हणाली.

तिसऱ्या स्कॅनच्या आदल्या दुपारी लेक आईबरोबर कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. मालक आतल्या खोलीत आडवे झाले होते. दार उघडंच होतं.

"आत्या दिसायला कशी होती गं?" लेकीनं विचारलं.

"दिसायला बरी होती. बोलायला फटकळ. मी नवी होते, मला तर धाकच वाटायचा. मी यायच्या आधी म्हणे एका बंगल्यातल्या बाईनं कोट जाळलात म्हणून भांडण काढलं, तर वन्सं तडक तिच्या घरी गेल्या..."

"कोट नव्हता," आतून आवाज आला. "पडदे होते."

"बरं, पडदे. तुम्ही झोपा."

मालक उठून बाहेर आले आणि लेकीच्या शेजारी बसले. "पडदे होते," ते म्हणाले. "ती त्यांच्या दिवाणखान्यात स्टुलावर चढली, स्वतः पडदा टांगला आणि दिवा लावून दाखवला. जळक्या डागाच्या बरोबर समोर त्यांचाच दिवा होता. मी खाली स्टूल धरून उभा. त्या बाईनं माफी मागितली, तर ही म्हणते, माफी राहू दे, सोफ्याच्या खोळीही धुवायला टाका."

लेक हसली. "टाकल्या?"

"टाकल्या की. वर्षानुवर्षं त्यांचं काम आमच्याकडे होतं."

"माझ्याएवढी उंच होती?"

मालकांनी विचार केला. मग ते उभे राहिले आणि त्यांनी तळहात आपल्या कानापाशी आडवा धरला.

"एवढी."

"छे, आणखी उंच," बायको म्हणाली. "मी केस धुवायची त्यांचे. मला माहीत आहे."

मालकांनी हात थोडा वर घेतला आणि बायकोकडे पाहिलं.

"हां," ती म्हणाली. "आता बरोबर."